हात वर, पेटी बंद

एलोजीबुवांचा उजवा हात वर गेला की माझी बोटं पेटीवरून उचलली गेलीच पाहिजेत. अर्ध्या श्वासाचाही उशीर चालायचा नाही. एवढंसं शिकवायला त्यांनी तीन महिने घेतले आणि त्या तीन महिन्यांत मला जेवढं फाडफाड बोलले, तेवढं माझी सासू अख्ख्या जन्मात बोलली नसेल. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. एकदा मी सरळ भाता मिटला आणि म्हटलं, बुवा, तुम्हीच वाजवा आणि तुम्हीच गा. त्यावर ते म्हणाले, "हन्नाबाय, रागाव हवी तेवढी. पण हात बघून रागाव."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

इस्राएलात आल्यावर रामल्याला सरकारनं बांधून दिलेल्या तीन मजली घरांपैकी एकात आम्ही राहायचो. शिकून म्हणतात त्याला इथे. आमच्या समोरचं दार बुवांचं. बायको मुंबईतच वारलेली, एकुलता मुलगा खाली एलातच्या बंदरावर कामाला. पासष्टीचा हा माणूस सकाळी पहिली बस पकडून पेताह तिक्वाला जायचा आणि एका वखारीत संत्र्यांची खोकी ठोकायचा. मूळचे सुतार. पण कोकणात त्यांना सुतार म्हणून कोण ओळखत होतं? आम्ही बेने इस्राएल, कोकणातले तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावानं आम्हाला शनवार तेली नाव ठेवलं. आणि अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत जिथे जिथे शनवार तेल्याचं घर होतं, तिथे तिथे एलोजीबुवांचं कीर्तन झालेलं होतं. हरिदासांचं असतं तसंच, पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, सगळं. कथा मात्र आमच्या.

रामल्याच्या उन्हात लोक बनियनवर फिरायचे, पण हा माणूस बंद गळ्याचा काळा कोट घालून, सगळी बटणं लावून. मी एकदा म्हटलं, अहो उकडून मराल. तर म्हणाले, कोकणात काय बर्फ पडत होता? नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, गाव कुठलं? रुमानियाचा माणूस असला तरी तेच. वखारीतला मुकादम रुमानियाचाच होता. तो कुरकुर करायचा की हा म्हातारा मनात काहीतरी गात असतो, त्यात समुद्र आला की खिळे हळू ठोकतो आणि लढाई आली की लाकूड फोडतो.

आणि त्यांचा एक प्रश्न होता, त्यानं मी अगदी वैतागून जायची. खालच्या मजल्यावरच्या बाईची काही बातमी मी आणली, कुणाचं कुणाशी वाजलं, कोण कुणाबरोबर सिनेमाला गेलं, की ते चहाची बशी खाली ठेवत आणि विचारत, "डोळ्यांनी पाह्यलंस?" झालं! बातमीतली सगळी मजाच जायची. नाही म्हटलं तर ते बशी उचलायचे आणि पुढचा घोट घ्यायचे. त्यानंतर त्या विषयावर त्यांच्याकडून एक अक्षर निघायचं नाही.

त्यांची मुख्य कथा तारवाची. आमचे पूर्वज कधी काळी तारवात बसून निघाले, कोकणच्या किनाऱ्याशी तारू खडकावर आपटून फुटलं आणि सगळे बुडाले. वाचली ती फक्त सात माणसं आणि सात बाया. आम्ही सगळे त्या चौदा जणांचे. ही कथा प्रत्येक घरात आजी सांगायचीच, पण बुवा ती दोन तास उभी करायचे. वादळ, वल्ही, डोलकाठी, बायकांची ओरड, पोरांचा आकांत. कुणी मधेच चहा विचारला की म्हणायचे, आधी तारू फुटू दे. आणि मग तारू फुटायचं. तेव्हा उजवा हात वर जायचा, माझी पेटी बंद, टाळ बंद, आणि नुसत्या कोरड्या गळ्यानं ते ओवी म्हणायचे:

फुटले तारू खडकावरी।
चौदा जीव आले तीरी।
सात पुरुष सात नारी।
नावे गेली पाण्यात॥

पेटी बंद म्हणजे शपथ, हा त्यांच्या गुरूंचा दंडक होता. गुरूंकडून जसंच्या तसं आलंय किंवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेवढंच पेटीशिवाय म्हणायचं. बाकी सगळं पेटीबरोबर. वादळ पेटीबरोबर, आकांत पेटीबरोबर. कारण तो गाणाऱ्यानं रंगवलेला. दोन तासांच्या कथेत हात वर जायचा तो एकदाच, या चार ओळींपुरता. मग हात खाली, मी पुन्हा सूर धरायचा आणि बुवा हसतमुखानं यजमानांकडे वळायचे.

कारण पुढे यजमानांचा मान असायचा. ज्याच्या घरी कीर्तन, त्याच्या घरातल्या एखाद्या थोर बाईला बुवा त्या सातांत बसवायचे. पेणला गायले तर तिथल्या घरची पणजी तारवातून पोहून आली, थळला गायले तर थळच्या घरची. साकीत, ठेक्यात, पेटीबरोबर. घरच्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या, मलिद्याच्या ताटातलं खोबरं बुवांच्या हातावर यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं की हा मान आहे, इतिहास नाही. कोकणात कुणी विचारलं नाही की बुवा, सात म्हणता आणि आजवर किती बायका उतरवल्यात?

आमच्या जिन्याखाली मुराद नावाचा म्हातारा सूर्यफुलाच्या बिया विकायचा. कुर्दिस्तानातल्या डोंगरातला. शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तो एक हात कानावर ठेवून त्याच्या भाषेत काहीतरी लांबच लांब गायचा. किल्ला होता म्हणे, त्याला वेढा पडला होता, मूठभर माणसं लढली. बुवांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. पण कोट घालून, पायरीवर बसून तासभर ऐकायचे. एकदा मधेच त्यांनी बोट वर केलं आणि आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाले, हा आत्ता आला तो माणूस किल्ल्यात नव्हता. हा तू घातलास.

मुराद गाता गाता थांबला. मग इतका हसला की बियांची पाटी लवंडली. खरंच होतं. तो माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या कुर्दी कुटुंबाचा खापरपणजोबा. त्या घरून मुरादला दर शनिवारी जेवण येत असे. तुला कसं कळलं, त्यानं विचारलं. बुवा म्हणाले, तू कानावरचा हात काढलास.

त्यांच्याकडेही तोच दंडक निघाला! जुनं, ऐकलेलं ते कानावर हात ठेवून, आणि मान द्यायचा तो हात काढून. त्या दुपारी त्या दोघांना जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. समोरच्या इमारतीत इराणहून आलेला न्हावी राहायचा, त्याला बोलावून विचारलं. त्यानं सांगितलं की त्यांच्या चहाच्या दुकानांतला कथेकरी वीरांच्या लढाया सांगताना काठी आपटतो, पण दुकानदाराच्या पूर्वजाला घोड्यावर बसवताना काठी काखेत धरतो. बुवा मला म्हणाले, बघ हन्नाबाय, कुठल्याच मुलखात गाणारे लबाड नसतात, फक्त भुकेले असतात. मी म्हटलं, तुम्ही तिघंही लबाडच आहात. त्यावर तिघंही खूश.

हे बासष्टच्या उन्हाळ्यातलं. त्याच हिवाळ्यात हसणं संपलं.

तिसऱ्या मजल्यावर आरोनभाऊ राहायचे, सिमेंटच्या कारखान्यात कामाला. त्यांची मुलगी रिबका पेताह तिक्वाच्या इस्पितळात नर्स. सात वर्षांची असताना इथे आली, त्यामुळे मराठी समजायची, पण उत्तर हिब्रूत. लहानपणी बुवांचे खिळे मोजून द्यायची आणि त्यांना आजोबा म्हणायची. तिचं नईमशी ठरलं. इराकी घरचा पोरगा, बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. हात कापून घेऊन इस्पितळात आला आणि टाके काढायला उगाच चार वेळा आला. दोन्ही घरांत पेढे वाटून झाले. मग नाव नोंदवायला गेले तर लग्नं नोंदवणाऱ्या कचेरीनं कागद पुढे केला. तुम्ही हिंदुस्थानातले, तेव्हा मुलीच्या आईची आई कोण, तिची आई कोण, तिची कोण, कुठल्या घराण्यातली, पुरावा आणा. बाहेरच्या कुणाशी लग्नं झाली नाहीत, हे दाखवा.

आमच्यातल्या सगळ्यांनाच हे विचारत होते तेव्हा. ते ऐकून माझ्या अंगाची जी आग झाली होती ती अजून विझलेली नाही. दोन हजार वर्षं आम्ही शनिवारी घाण्याला हात लावला नाही, आणि आता टेबलामागचा माणूस विचारतो की तुम्ही कोण?

रिबकाच्या आईची आजी बायाबाय. तिच्यापर्यंत सगळं नीट होतं. तिच्या पलीकडे काही नाही. कोकणातल्या तेलिणीचा जन्मदाखला कोण ठेवणार? नईमची आई बरी बाई होती, पण तिनंही शेवटी सांगितलं की वर्षभर थांबेन, मग मला माझ्या मुलासाठी दुसरीकडे बघावं लागेल.

आणि आरोनभाऊंनी काय करावं? आपल्या लोकांशिवाय कुणाच्या डोक्यात हे येणार नाही. त्यांच्या घरी मागे बुवांचं कीर्तन झालं होतं, त्यात बायाबाय तारवातून उतरली होती. आरोनभाऊंनी ती साकी पुतण्याकडून हिब्रूत लिहवली, टाइप करून घेतली आणि पुरावा म्हणून कचेरीत दिली. आमच्या बायाबायच्या घराण्याचं मूळ त्या सात जणींत, बघा, लिहिलंय.

आणि भाऊ एकटेच नव्हते. बीरशेव्याच्या एका घरानंही हेच केलं होतं. लोदच्या एकानंही. कचेरीतल्या दयाननं, म्हणजे निवाडा करणाऱ्या रब्बीनं, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि आरोनभाऊंना शांतपणे विचारलं, हे तारू होतं तरी केवढं?

भाऊ घाबरले. घाबरलेला माणूस जास्त बोलतो. ते सांगून बसले की आमच्या बुवांचा नियम आहे, खरं असेल तेव्हा ते पेटी बंद करून म्हणतात, ती शपथच असते. दयाननं ते लिहून घेतलं. आठवड्यानं बोलावणं आलं. एलिया ऊर्फ एलोजी, साक्षीदार म्हणून, वाजवणाऱ्यासह, तारीख आठ दिवसांनंतरची.

ते आठ दिवस आमच्या जिन्यावर दुसरा विषय नव्हता. आरोनभाऊ रोज संध्याकाळी कारखान्यातून थेट बुवांच्या दारात. सिमेंटनं पांढरे झालेले कपडे, आत यायचे नाहीत, चौकटीला धरून उभे. माझं दार समोरच, मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी विनवणी. दुसऱ्या दिवशी जुन्या ओळखी. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज फाटला.

"बुवा, नुसता हात वर करायचाय. बोलू नका काही. हात वर करा आणि बायाबायचं नाव घ्या. माझी पोर तुमच्या अंगाखांद्यावर खेळलीय."

बुवा रंधा मारून झालेल्या फळीवरून हात फिरवत बसले होते. भाऊ गेल्यावर मी आत गेले. मला राहवलं नाही. म्हटलं, एवढा कसला तो दंडक? गुरू मेले, त्यांचं गाव सुटलं, तो समुद्र सुटला. एका पोरीचा जन्म उभा राहतोय. करा की हात वर.

त्यांनी फळी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "एकदा हा हात खोटा वर गेला ना हन्नाबाय, की त्या सातजणी पण खोट्या. मग आपण कुणीच कुठून आलो नाही."

मी म्हटलं, तुमचं तुम्ही जाणा, आणि दार आपटून आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी त्यांच्या बाजूची नव्हते.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. पेटी मीच उचलून नेली, बुवांना उचलू दिली नाही. दयान म्हातारा होता, दाढी पांढरी, बोलणं मऊ. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. रब्बींना बाईचं गाणं ऐकायला चालत नाही, म्हणून बाई गाणार नाही ना, फक्त वाजवणार ना, एवढं त्यानं विचारून घेतलं. भाषांतराला आमच्यातलाच एक तरुण होता, तो सारखा घाम पुसत होता. बाकावर आरोनभाऊ, त्यांची बायको आणि इस्पितळाच्या पांढऱ्या कपड्यात तशीच आलेली रिबका. नईम बाहेर जिन्यावर.

बुवांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि उभ्यानं सुरू केलं. वादळ त्यांनी थोडक्यात घेतलं. तारू फुटलं. हात वर, पेटी बंद. सात पुरुष, सात नारी, नावे गेली पाण्यात. दयान पुढे झुकला. भाषांतर करणाऱ्यानं शब्द सांगितले.

बुवांचा हात अजून वरच होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. माझी बोटं पट्ट्यांवर अधांतरी. मी आरोनभाऊंकडे पाहिलं नाही. मी फक्त त्या हाताकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, राहू दे, तसाच राहू दे, देवा, त्यांना खोटं बोलू दे.

हात खाली आला. मी सूर धरला, धरावाच लागला. बायाबायची साकी ठेक्यात, पेटीबरोबर झाली. सगळ्या कचेरीला ऐकू गेलं की पेटी वाजते आहे.

दयाननं विचारलं, मग ही बाई तारवात नव्हती? बुवा म्हणाले, नव्हती. ही बाई मी पाहिली आहे. मी बारा वर्षांचा होतो, गुरूंबरोबर तिच्या घरी उतरलो होतो. शुक्रवारी सूर्य कलला की तिनं बैल सोडला, घाण्यावर फडकं टाकलं, दिव्यात तेल घातलं. शनिवारी गावचा खोत स्वतः तेलाला आला, तरी तिनं त्याला दारातून परत पाठवलं. सुरमईची तुकडी तळून वाढली म्हणून गुरूंनी तिला साकीत घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दयाननं सगळं लिहून घेतलं. मग त्यानं लेखणी खाली ठेवली आणि विचारलं की तिची आई कुठल्या घरची.

बुवा म्हणाले, "ते मी पाहिलं नाही."

कागद अर्धवट राहिला. लग्न थांबलं. जिन्यावरून उतरताना आरोनभाऊ बुवांच्या अगदी जवळून गेले आणि इतकंच म्हणाले की आजपासून माझ्या दारी तुमचं पाऊल नको. रिबकानं नईमला लांबूनच मान हलवून नाही म्हटलं, आणि ड्यूटी आहे म्हणून बस पकडून निघून गेली.

त्रेसष्ट सालभर बुवांना कुणी कीर्तनाला बोलावलं नाही. मसीदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. पेटी माझ्या पलंगाखाली, वर धुळीचा थर. मीही दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. बुवा खोकी ठोकत राहिले. मुकादम म्हणाला, म्हातारा आता सगळे खिळे सारखेच ठोकतो. फक्त मुराद तेवढा शनिवारी कानावर हात ठेवून गात राहिला आणि बुवा पायरीवर बसून ऐकत राहिले. त्याला सगळं कळलं होतं. तो एवढंच म्हणाला की मी असतो तर हात काढलाच नसता. बुवा म्हणाले, खोटं बोलतोस. मुरादनं मूठभर बिया त्यांच्या हातावर ठेवल्या.

नईमच्या आईचं वर्ष उलटलं. पोरगा हटून बसला म्हणून ती थांबली, पण आता घरातूनच तिला रोज बोलणी बसत होती.

मग चौसष्टचा उन्हाळा आला आणि आमची माणसं उठली. गावोगावच्या बेने इस्राएलांनी यरुशलेमला जाऊन सरकारी इमारतीसमोर धरणं धरलं. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या, गिरणीतली, बंदरातली माणसं, चटया टाकून दिवसचे दिवस. रिबका रजा काढून गेली, आरोनभाऊ गेले, मी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर रस्त्याच्या पलीकडे काळा कोट. सगळी बटणं लावलेली.

ऊन असं की फरशीला हात लागत नव्हता. रिबका पुढच्या रांगेत बसली होती. पोलीस येऊन सांगत होते, सावलीत बसा. ती उठली नाही. चक्कर आलेल्या एका म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन तिला पाणी पाजत होती आणि स्वतः प्यायली नव्हती. एक भला दिसणारा माणूस येऊन तिला म्हणाला, तू तर अगदी इथलीच वाटतेस, तू कशाला यांच्यात बसलीस? तिनं त्याला मराठीत उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला परक्याशी मराठीत बोलताना ऐकलं.

ती म्हणाली, "मी यांचीच आहे."

त्याला काय कळणार! पण रस्त्यापलीकडे कळलं. लोकांनी बुवांना पाहिलं होतं, राग विसरून दोघंतिघं त्यांच्याकडे गेले. बुवा, या, तारवाची कथा लावा, लोकांना जोर येईल. बुवा जागचे हलले नाहीत. म्हणाले, मी गायला आलो नाही, बघायला आलोय. लोकांना भारी राग आला. मलासुद्धा. म्हटलं, माणूस शेवटपर्यंत असाच राहणार. दोन दिवस ते तिथे उभे होते. उभेच, रिबकाकडे तोंड करून.

त्या उन्हाळ्याअखेर वरून हुकूम फिरला. आमच्यापुरत्या त्या चौकशा थांबल्या. रिबकाच्या कागदावर शिक्का बसला आणि सणांनंतरची तारीख निघाली.

बुवा तेव्हा बांधाबांध करत होते. खोकल्यानं बेजार झाले होते, मुलगा त्यांना एलातला न्यायला येणार होता. आरोनभाऊंनी त्यांना आमंत्रण दिलं नव्हतं. रिबकानं बापाला हिब्रूत सांगितलं की आजोबा गाणार नसतील तर मांडव घालू नका. भाऊ चिडले, आठ दिवस धुसफुसले, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाले, गाऊ दे त्यांना. पण बायाबायचं नाव पेटीबरोबर घेऊन माझी पुन्हा अब्रू काढली तर मी भर मांडवात उठेन, आधीच सांगतो. मी तो निरोप बुवांना पोचवला. त्यांनी मला पेटीचा भाता तपासायला सांगितलं.

शिकूनच्या अंगणातच लग्न होतं, ऊन उतरल्यावर. एका बाजूला इराकी मंडळी, एका बाजूला आपली. मुराद धुतलेला सदरा घालून मागच्या खुर्चीवर. मी पेटी लावली. बुवा उभे राहिले, कोट आता त्यांना दोन बोटं मोठा होत होता. आवाज बसलेला, पण वादळ आलं तसा तो कुठूनतरी वर आला. इराकी बायकांनाही कळलं असावं की काहीतरी बुडतंय, त्यांनी पोरांना जवळ ओढलं. तारू फुटलं. हात वर, पेटी बंद.

नावे गेली पाण्यात.

आता हात खाली येणार, मी सूर धरणार, बायाबायची साकी. समोर आरोनभाऊंनी खुर्चीचे हात धरले, अर्धे उठलेसुद्धा. माझी बोटं पट्ट्यांकडे निघाली होती. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती जागच्या जागी थांबली. हात खाली आला नाही. तो वरच राहिला. दोन वर्षं मी त्यांची पेटी धरली, एका कथेत दुसरी ओवी मी कधी ऐकली नव्हती.

उन्हात फरशी तापली।
तरी जागची न हालली।
रिबका नावाची देखिली।
म्यां या डोळ्यांनी॥

आमच्या कथेत पेटीशिवाय घेतलेलं ते पहिलं नाव.

आरोनभाऊ उठायचे राहिले. त्यांनी उपरणं पदरासारखं तोंडावर घेतलं आणि पोरासारखे रडले. रिबका नवऱ्याला हळूच हिब्रूत काहीतरी समजावत होती, पण तिलाही धड बोलता येत नव्हतं. बुवा दोन दिवसांनी एलातच्या बसमध्ये बसले, तेव्हा मी कामावर होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, त्या अंगणात. काळा कोट, हात वर. मागच्या खुर्चीवर मुराद होता. त्याला आमच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. पण त्यानं बुवांच्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचा हात हळूच उचलून कानावर ठेवला.